वादग्रस्त परराष्ट्र प्रश्नासाठी राजनैतिक सल्लागार कसे निवडावेत?

विचारलेला प्रश्न असा आहे: ज्या परराष्ट्र प्रश्नावर देशातच टोकाची मते आहेत, त्यावर निर्णय घेण्याची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्या व्यक्तीने आपले राजनैतिक सल्लागार कोणत्या निकषांवर निवडावेत? दोन्ही मतांची माणसे सारख्या संख्येने घेतली म्हणजे समतोल साधतो का? आणि निवृत्त राजदूतांचा अनुभव हा बाकी सगळ्या निकषांपेक्षा मोठा मानावा का?

परराष्ट्र धोरणाची टिपणे तयार करण्यात आणि अशा सल्लागार गटांचे कामकाज सांभाळण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. दोन्ही बाजूंची माणसे मोजून घेतल्याने समतोल साधत नाही, कारण मग बैठकीत देशातलाच वाद पुन्हा एकदा ऐकायला मिळतो आणि तो तर वर्तमानपत्रांतून आधीच कळलेला असतो. अनुभव हवाच, पण नेमका कशाचा अनुभव, हे विचारल्याशिवाय त्याची किंमत ठरत नाही. माझे मत असे आहे की निवडीची सुरुवात नावांपासून करूच नये. निर्णय घेण्याआधी आपल्याला कोणत्या गोष्टी ठाऊक असायला हव्यात आणि त्यांपैकी कोणत्या आज ठाऊक नाहीत, हे प्रथम कागदावर उतरवावे आणि मग त्या प्रत्येक गोष्टीसाठी माणूस शोधावा.

हे ऐकायला साधे वाटते, पण प्रत्यक्षात फार थोडे लोक तसे करतात. समजा शेजारी देशाशी सीमेबाबत तडजोड करावी की नाही, असा वाद आहे. बाहेरून हा एकच प्रश्न दिसतो, पण त्याच्या पोटात निदान चार प्रश्न असतात. जुने करार, नकाशे आणि महसुली दप्तरे काय सांगतात, हा पहिला. पलीकडचे सरकार काय मान्य करू शकेल आणि मान्य केलेले त्याला आपल्या देशात निभावता येईल का, हा दुसरा. आपल्याकडे संसद, राज्ये, सैन्य आणि सीमेवरची माणसे यांच्याकडून ते पार पडेल का, हा तिसरा. आणि मुळात तडजोड करणे योग्य आहे का, हा चौथा. पहिल्या तीन प्रश्नांना जाणकार माणसे उत्तर देऊ शकतात. चौथा प्रश्न निर्णय घेणाऱ्याचा स्वतःचा आहे. त्याबद्दल सल्लागाराच्या मताला एखाद्या सुजाण नागरिकाच्या मतापेक्षा अधिक वजन देण्याचे कारण नाही. तरीही बहुतेक गट जमवले जातात ते या चौथ्या प्रश्नावर कोणाचे मत काय आहे हे पाहून, आणि मग पहिल्या तीन प्रश्नांचे जाणकार त्या गटात असले तर केवळ योगायोगाने असतात.

माणसाच्या एकूण लौकिकावर विश्वास टाकण्याऐवजी प्रश्नागणिक विश्वास ठरवावा, हे मी आग्रहाने सांगतो. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण 1950 च्या ऑक्टोबरमधले आहे. पेकिंगमधील भारताचे राजदूत का. मा. पणिक्कर यांना 2 आणि 3 ऑक्टोबरच्या मधल्या रात्री चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी बोलावून घेतले आणि अमेरिकेचे सैन्य कोरियात 38 वी अक्षांशरेषा (दक्षिण व उत्तर कोरियामधली सीमा) ओलांडून उत्तरेकडे आले तर चीन युद्धात उतरेल, असे स्पष्ट सांगितले. दक्षिण कोरियाचे सैन्य आले तर गोष्ट वेगळी, अमेरिकेचे आले तर गप्प बसणार नाही, हा भेदही त्या बोलण्यात होता. पणिक्करांनी तो निरोप तत्काळ दिल्लीला कळवला आणि दिल्लीने तो लंडन व वॉशिंग्टनपर्यंत पोचवला. वॉशिंग्टनमध्ये मात्र पणिक्कर साम्यवादी चीनकडे झुकलेले गृहस्थ आहेत, असा समज होता, त्यामुळे निरोपाकडे दबाव टाकण्याची चाल म्हणून पाहिले गेले. त्याच महिन्याच्या 19 तारखेपासून चिनी फौजा चीन-कोरिया सीमेवरची यालू नदी ओलांडू लागल्या आणि नोव्हेंबर संपता संपता संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखालच्या सैन्याला मोठी माघार घ्यावी लागली.

आता त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट पाहा. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात चीनचे सैन्य पूर्व तिबेटमध्ये घुसले आणि त्याच महिन्यात तिथले चाम्दो हे ठाणे पडले. तिबेटचा प्रश्न शांततेने सुटेल, अशी समजूत पेकिंगमधील भारतीय दूतावासाकडून दिल्लीत पोचत राहिली होती. परराष्ट्र खात्याचे महासचिव गिरिजाशंकर बाजपेयी यांचे मत वेगळे होते, आणि 7 नोव्हेंबर 1950 रोजी सरदार पटेलांनी पंडित नेहरूंना लिहिलेल्या पत्रात आपले राजदूत चिनी धोरणाचे समर्थन शोधण्यात फार कष्ट घेत आहेत, अशा अर्थाची स्पष्ट टीका केली. म्हणजे एकच माणूस, एकच राजधानी आणि एकच महिना. कोरियाबाबत त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले आणि तिबेटबाबत त्याचा अंदाज चुकला. याचे कारण शोधले तर सापडते. कोरियाबाबत चौ एन-लाय यांना आपले मन जगाला कळवायचे होते आणि पणिक्कर त्यांचे शब्द जसेच्या तसे पोचवत होते. तिबेटबाबत चीनला आपले मन कळू द्यायचे नव्हते, आणि तिथे राजदूताला जे सांगितले जात नव्हते ते ताडण्याची गरज होती. निरोप अचूक पोचवणे आणि लपवलेला हेतू ओळखणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि एका बाबतीत भरवशाचा असलेला माणूस दुसऱ्या बाबतीत तसा असेलच असे नाही. वॉशिंग्टनने पणिक्करांना त्यांच्या मतांवरून जोखले म्हणून खरा इशारा वाया गेला. दिल्लीने त्यांना त्यांच्या विद्वत्तेवरून जोखले म्हणून चुकीचा अंदाज टिकून राहिला.

म्हणून एखाद्या नावावर विचार करताना "हे गृहस्थ कोणत्या बाजूचे?" असे विचारण्यापेक्षा "हे गृहस्थ कोणत्या प्रश्नावर आणि कशाच्या आधारावर बोलत आहेत?" असे विचारावे.

कोणत्याही वादग्रस्त प्रश्नात एक जागा अशी असते की ती भरल्याशिवाय मी गट पूर्ण झाला असे मानत नाही. ती जागा म्हणजे पलीकडच्या बाजूचा निर्णय कसा होतो हे आतून ओळखणाऱ्या माणसाची. त्या देशाविषयी पुस्तके वाचलेले लोक पुष्कळ मिळतात. पण तिथल्या नेत्याला कोणाला उत्तर द्यावे लागते, माघार घेताना तो आपल्या लोकांना काय सांगेल आणि कोणती गोष्ट त्याला कितीही दबाव आला तरी करता येणार नाही, हे सांगू शकणारा माणूस विरळा असतो.

1962 मध्ये सोव्हिएत संघाने क्युबात क्षेपणास्त्रे ठेवल्याने उद्भवलेल्या पेचात अमेरिकेकडे असा माणूस होता. लुएलिन थॉम्पसन हे 1957 ते 1962 या काळात मॉस्कोत राजदूत होते, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्याशी त्यांचा कौटुंबिक पातळीवरचा परिचय होता आणि पेच उद्भवण्याच्या काही महिने आधीच ते मायदेशी परतले होते. 26 ऑक्टोबर 1962 रोजी ख्रुश्चेव्हचे एक लांबलचक खासगी पत्र आले: अमेरिकेने क्युबावर आक्रमण न करण्याचे वचन दिले तर मार्ग निघू शकेल, असा त्याचा रोख होता. दुसऱ्याच दिवशी मॉस्कोने दुसरे पत्र जाहीरपणे प्रसारित केले आणि त्यात तुर्कस्तानातील अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रे हलवण्याची मागणी वाढवली. मागणी एकदा जाहीर झाल्यावर ख्रुश्चेव्ह आता मागे येणार नाहीत, असा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा अंदाज झाला होता. थॉम्पसन यांनी सल्लागार गटाच्या बैठकीत राष्ट्राध्यक्षांना तोंडावर सांगितले की त्यांना हे पटत नाही. आपण क्युबा वाचवली, आक्रमण टाळले, एवढे आपल्या लोकांना सांगता आले की ख्रुश्चेव्हना पुरे होईल. जाहीर उत्तर त्यानुसार पहिल्या पत्राच्या धर्तीवर गेले, आणि त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रेही काही महिन्यांत हलतील, मात्र ही गोष्ट गुप्त राहिली पाहिजे, असे सांगितले. 28 तारखेला मॉस्कोने क्षेपणास्त्रे परत नेण्याची घोषणा केली.

या प्रसंगातून थॉम्पसन बरोबर आणि केनेडी चूक असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. शेवटी दोन्ही गोष्टी द्याव्या लागल्या. महत्त्वाचे हे की समोरच्या माणसाची गरज काय आहे याविषयी ठोस, तपासून पाहता येईल असे विधान करणारा कोणीतरी त्या खोलीत होता, आणि राष्ट्राध्यक्षांचे मत ऐकल्यानंतरही ते खोडून काढण्याची मुभा त्याला होती. जाणकार घेणे हे अर्धे काम आहे. त्याला विरोधात बोलता येईल अशी खात्री देणे हे उरलेले अर्धे. केनेडी त्या गटाच्या काही बैठकांना मुद्दाम गैरहजर राहत, कारण अध्यक्ष समोर असले की माणसे त्यांच्या मनाचा कल पाहून बोलतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्याआधीच्या वर्षी, एप्रिल 1961 मध्ये, क्युबातील सरकार उलथण्यासाठी आखलेल्या पिग्जच्या उपसागराच्या मोहिमेचा बोजवारा उडाला होता, आणि तिथे ज्या गुप्तचर संस्थेने योजना आखली तीच संस्था ती यशस्वी होईल का याचे उत्तरही देत होती. योजना ज्याची, त्यानेच तिची परीक्षा घ्यायची, ही पद्धत कोणत्याही सल्लागार मंडळात चालू देऊ नये.

पलीकडच्या बाजूला ओळखणाऱ्या माणसाची अडचण अशी की देशात वातावरण तापले की तोच पहिल्यांदा संशयाच्या घेऱ्यात सापडतो. 1949 मध्ये चीनमध्ये साम्यवादी सत्तेवर आल्यावर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातील जॉन सर्व्हिस, जॉन पेटन डेव्हिस यांसारख्या चीनच्या जाणकारांना निष्ठेविषयी शंका घेऊन नोकरीतून काढण्यात आले. त्यांचा गुन्हा एवढाच होता की साम्यवाद्यांविरुद्ध लढणारे च्यांग काय-शेक यांची बाजू कमकुवत आहे, हे त्यांनी वेळीच लिहिले होते. पुढे व्हिएतनामबाबत निर्णय घेण्याची वेळ आली तेव्हा त्या भागाचे असे मुरलेले जाणकार वरच्या पातळीवर उरले नव्हते, आणि त्याची किंमत किती मोठी होती हे सर्वज्ञात आहे. तेव्हा अशा व्यक्तीची नियुक्ती करताना तिच्यावर टीका होणार हे गृहीत धरावे आणि ती टीका निर्णय घेणाऱ्याने स्वतः अंगावर घ्यावी. हे करण्याची तयारी नसेल तर त्या व्यक्तीला बोलावूच नये, कारण आठवड्याभरात तिला बाजूला सारले तर गटातील बाकीच्यांना काय बोलू नये याचा धडा आपोआप मिळतो.

निवृत्त ज्येष्ठांबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण सगळ्यांत आधी त्यांचीच नावे सुचवली जातात. त्यांच्याजवळ धीर असतो, त्यांना बढतीची आशा नसते, आणि परराष्ट्र खात्याची यंत्रणा कुठे अडते हे त्यांना पुरते ठाऊक असते. पण त्यांच्या माहितीला एक तारीख असते. दहा वर्षांपूर्वी ज्या राजधानीत त्यांनी काम केले तिथला पक्ष, तिथले सैन्य, तिथली तरुण पिढी तीच राहिलेली नसते. माहिती शिळी झाली की ज्येष्ठ माणूस समोर ठेवलेल्या टिपणावर अवलंबून राहतो, आणि मग टिपण कोण लिहितो हाच निर्णायक प्रश्न ठरतो. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी व्हिएतनामवर सल्ला घेण्यासाठी माजी परराष्ट्रमंत्री डीन अॅचेसन यांच्यासारख्या बुजुर्गांचा गट बोलावला होता. नोव्हेंबर 1967 मध्ये त्या गटाने जवळपास एकमुखाने सांगितले की आहे तोच मार्ग चालू ठेवा. मार्च 1968 मध्ये त्याच गटातील बहुतेकांनी युद्धातून पाय काढता घेण्याचा सल्ला दिला. मधल्या काळात टेटचा हल्ला, म्हणजे साम्यवादी फौजांचा दक्षिण व्हिएतनामभर एकाच वेळी झालेला मोठा हल्ला, झाला होता, हे खरे. पण दुसऱ्या खेपेस त्यांच्यापुढे माहिती मांडणाऱ्यांत परराष्ट्र खात्याचे फिलिप हबीब होते आणि त्यांनी परिस्थिती जशी होती तशी, रंगसफेदी न करता सांगितली. त्यामुळे ज्येष्ठांची यादी करताना त्यांच्यासाठी टिपणे लिहिणाऱ्या मधल्या फळीतील अधिकाऱ्यांची निवडही तितक्याच काळजीने करावी. सामान्यतः ही जागा कोणीतरी भरून टाकतो आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. मला विचाराल तर दोन प्रख्यात राजदूतांपेक्षा गेल्या तीन वर्षांतील सर्व मूळ कागद वाचलेला, त्या देशाची भाषा जाणणारा एक उपसचिव अधिक मोलाचा आहे.

कायदेविषयक सल्लागार हा गटात पहिल्या दिवसापासून असावा. त्याला शेवटी, निर्णयावर शिक्का मारण्यासाठी बोलावण्याची सवय फार घातक आहे. 1956 मध्ये सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याचे कायदे सल्लागार जेराल्ड फिट्झमॉरिस यांचे मत बळाचा वापर आंतरराष्ट्रीय कायद्यात बसत नाही असे होते. पंतप्रधान ईडन यांनी त्यांना दूर ठेवले आणि अनुकूल मत देणाऱ्या लॉर्ड चॅन्सेलर किलम्यूर यांचा आधार घेतला. कैरोमधील ब्रिटनचे राजदूत हम्फ्री ट्रेव्हेल्यन यांनाही इजिप्तवर हल्ला करण्यासाठी सेव्हर (फ्रान्स) येथे फ्रान्स आणि इस्रायलशी झालेल्या गुप्त कराराची कल्पना नव्हती. म्हणजे इजिप्तला जवळून ओळखणारा आणि कायदा सांगणारा, असे दोघेही बाहेर राहिले. 2003 मध्ये इराकच्या बाबतीत त्याच खात्यातील कायदे सल्लागारांचा सल्ला सुरक्षा परिषदेच्या नव्या ठरावाशिवाय युद्ध बेकायदा ठरेल असा होता. उप कायदे सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी राजीनामा दिला, आणि युद्धाला कायदेशीर आधार आहे हे ज्या रीतीने ठरवण्यात आले ती समाधानकारक नव्हती, असे इराक युद्धाची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश समितीच्या 2016 च्या चिलकॉट अहवालाने नमूद केले.

चांगला कायदेतज्ज्ञ मात्र केवळ "हे करता येणार नाही" एवढे सांगण्यासाठी नसतो. 1978 मध्ये अमेरिकेतील कॅम्प डेव्हिडला इजिप्त आणि इस्रायल यांच्यात तेरा दिवस चाललेल्या वाटाघाटींत इस्रायलच्या बाजूने अहरोन बराक आणि इजिप्तच्या बाजूने ओसामा अल-बाझ यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्यासोबत बसून एकेक वाक्य घडवले. नेत्यांना समोरासमोर जे बोलता येत नव्हते ते मसुद्याच्या शब्दांत मांडता आले. वादग्रस्त प्रश्नात दोन्ही बाजूंना आपापल्या देशात वेगवेगळ्या भाषेत समजावून सांगता येईल, पण ज्याचा अर्थ बंधनकारक राहील, असे वाक्य लिहू शकणारी माणसे फार थोडी असतात. असा मसुदाकार आढळला तर त्याचे राजकीय मत काय आहे याची चौकशीही करू नये.

विषय तांत्रिक असेल तर त्या विषयाच्या तज्ज्ञाला मागच्या खुर्चीत बसवू नये. सिंधू नदीच्या पाण्यावरील वाटाघाटीत भारताच्या बाजूचे नेतृत्व निरंजन गुलाटी या अभियंत्याकडे होते आणि 1960 चा करार मोठ्या प्रमाणात अभियंत्यांच्या कामातून उभा राहिला. भारत-अमेरिका अणुकराराच्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी फास्ट ब्रीडर अणुभट्ट्या (वापरतात त्याहून अधिक इंधन तयार करणाऱ्या) आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आणण्यास ठाम विरोध केला. त्यावर बराच वादंग झाला, काहींना तो अडथळाही वाटला. पण मार्च 2006 मध्ये ठरलेल्या योजनेत 22 पैकी 14 अणुभट्ट्या देखरेखीखाली आल्या आणि फास्ट ब्रीडर बाहेर राहिल्या. शास्त्रज्ञाचा आक्षेप आधीच ऐकला गेल्यामुळे करार झाल्यावर त्याच आक्षेपाने तो उलथण्याची भीती कमी झाली. राजनैतिक अधिकाऱ्यांना तंत्रज्ञ हटवादी वाटतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. मला स्वतःला तो हटवादीपणा उपयोगी वाटतो, कारण कोणती गोष्ट शब्दांनी झाकता येणार नाही हे तोच दाखवून देतो.

देशांतर्गत बाजू जाणणारा माणूस नसला तर काय होते, हे सप्टेंबर 2011 मध्ये दिसले. पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या ढाका दौऱ्यात तिस्ता पाणीवाटप करारावर सह्या व्हायच्या होत्या. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी ऐनवेळी दौऱ्यात सहभागी होण्यास नकार दिला आणि करार बाजूला पडला. याउलट 1996 च्या गंगा पाणीवाटप कराराच्या वेळी मुख्यमंत्री ज्योती बसू स्वतः त्या प्रयत्नांत सामील होते. बांगलादेशाशी झालेल्या भूसीमा कराराचेही असेच झाले: 2011 मध्ये त्याच्या प्रोटोकॉलवर सही झाली, विरोधामुळे तो अडला, आणि राज्यांशी व पक्षांशी बोलणी झाल्यावर 2015 मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती संसदेत एकमताने मंजूर होऊन एका देशाच्या हद्दीत अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या 162 भूभागांची अदलाबदल झाली. इथे हवा असलेला सल्लागार परराष्ट्र सेवेतला असण्याची गरज नाही. ज्याचा फोन संबंधित राज्याचे मुख्यमंत्री उचलतात आणि जो तिकडचे खरे उत्तर, ते कितीही नकोसे असले तरी, परत आणून सांगतो, असा माणूस पुरे.

हितसंबंधांबाबत थोडक्यात सांगतो, कारण तिथे वाद घालण्यासारखे काही नाही. उमेदवार ज्या संस्थेत काम करतो तिला पैसा कुठून येतो, त्या देशाशी त्याचा किंवा कुटुंबीयांचा व्यवसाय आहे का, गेल्या काही वर्षांत त्याने कोणाच्या खर्चाने प्रवास केला, हे लेखी घ्यावे. हितसंबंध आहे म्हणून माणूस बाद होतोच असे नाही. तो लपवला असेल तर मात्र लगेच बाद करावा.

मुलाखतीत काय विचारावे, हा यानंतरचा भाग. मते विचारण्यात वेळ घालवू नये. या विषयावर तुम्ही पूर्वी लिहून ठेवलेला कोणता अंदाज चुकला आणि का, असे विचारावे. ज्याला एकही आठवत नाही त्याच्याविषयी सावध राहावे. पलीकडच्या बाजूचे म्हणणे असे मांडा की तिथल्या अधिकाऱ्याने ऐकले तर तो मान डोलावेल, अशी विनंती करावी. कोणती गोष्ट घडली तर तुमचे मत बदलेल, हे विचारावे आणि उत्तर ठोस आहे का ते पाहावे.

एक चाचणी मला सर्वांत भरवशाची वाटते. दुसऱ्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाचे ताजे, एक पानाचे निवेदन शक्यतो मूळ भाषेत उमेदवाराच्या हाती द्यावे आणि अर्ध्या तासात त्यावर खुणा करायला सांगावे: कोणती वाक्ये त्यांच्या देशातील लोकांसाठी आहेत, कोणती आपल्यासाठी आहेत, आणि कुठे दार उघडे ठेवले आहे. साधारण उमेदवार कडक शब्दांखाली रेघा मारतो. चांगला उमेदवार मागचे निवेदन मागून घेतो, दोन्ही शेजारी ठेवतो आणि मागच्या वेळी असलेले, या वेळी गळलेले वाक्य दाखवतो. पूर्वी "कोणत्याही परिस्थितीत नाही" असे असायचे तिथे आता "सध्याच्या परिस्थितीत नाही" असे आहे, हे ज्याच्या डोळ्यांना आपोआप दिसते, त्याच्या पदव्या आणि पदके पाहण्याची मला गरज वाटत नाही.

विरोधी मताच्या बाबतीत एक इशारा द्यायचा आहे. गटात एकाला कायमचा आक्षेपक नेमण्याची पद्धत अनेकांना आवडते; 1973 च्या अरब-इस्रायल युद्धात बेसावध सापडल्यानंतर इस्रायलच्या लष्करी गुप्तचर विभागाने असे काम करणारी व्यवस्था उभी केली आणि ती उपयोगी मानली जाते. पण गुप्तचर माहितीची उलटतपासणी करणारा विभाग आणि निर्णयाच्या टेबलावरचा ठरलेला विरोधक यांत फरक आहे. जॉन्सन यांच्या सरकारात परराष्ट्र खात्याचे उपमंत्री जॉर्ज बॉल यांनी 1964 पासून व्हिएतनामच्या धोरणाला मनापासून विरोध केला, त्यांची टिपणे नेमकी आणि दूरदृष्टीची होती. परंतु हळूहळू त्यांचा विरोध हा बैठकीचा ठरीव भाग झाला, सगळ्यांनी तो आदराने ऐकला आणि दुसरी बाजूही ऐकल्याचे समाधान मानून पूर्वीचेच निर्णय घेतले. असे होऊ नये म्हणून आक्षेपाला उत्तर देण्याचे बंधन बहुमताच्या बाजूवर घालावे. आक्षेप लेखी असेल तर उत्तरही लेखी असावे आणि दोन्ही निर्णय घेणाऱ्याने वाचावे.

गटाबाहेरून, प्रत्यक्ष ठिकाणाहून येणाऱ्या विरोधासाठीही वाट मोकळी हवी. 6 एप्रिल 1971 रोजी ढाक्यातील अमेरिकेचे महावाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व पाकिस्तानातील हत्याकांडाबाबत आपल्या सरकारच्या मौनाचा तीव्र निषेध करणारी तार पाठवली. मतभेद कळवण्याचा अधिकृत मार्ग अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात त्याच वर्षी सुरू झाला होता, म्हणजे व्यवस्था होती. तार पोचली, वाचली गेली, आणि ब्लड यांची बदली झाली. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांना पाकिस्तानमार्फत चीनशी संपर्क साधायचा होता आणि त्या हेतूची माहिती असलेली माणसे फार थोडी होती. जिथे खरा हेतू सल्लागारांनाच सांगितलेला नसतो, तिथे त्यांचा सल्ला वेगळ्याच प्रश्नाला दिलेले उत्तर ठरतो. म्हणून गुप्ततेपोटी गट लहान ठेवावा लागला तर तो सहा-सात जणांचा ठेवावा, पण जे आत आहेत त्यांना उद्दिष्ट पूर्णपणे सांगावे. अर्धवट माहिती दिलेला मोठा गट हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

शेवटची बाब नियुक्तीच्या अटींची. मुदत ठरवून द्यावी, कारण धोरण ठरवताना उपयोगी पडणारी माणसे वाटाघाटीच्या टप्प्यावर उपयोगी पडतीलच असे नाही, आणि करार झाल्यावर अंमलबजावणीला आणखी वेगळी माणसे लागतात. मुदत नसेल तर कोणालाही हलवणे अपमानाचे होते. प्रत्येक सल्लागाराने निर्णयापूर्वी आपले मत एका पानात, तारखेसह लिहून द्यावे आणि सहा महिन्यांनी ते त्याच्यासमोरच पुन्हा वाचावे. निर्णय सल्ल्याविरुद्ध गेला तर गटात राहून अंमलबजावणीला मदत करायची की बाहेर पडायचे, याची मोकळीक त्याला असावी. बाहेर पडल्यास गोपनीय कागदांबाबत मौन पाळावे लागेल, पण आपण असहमत होतो एवढे सांगण्याचा हक्क राहील, हे नियुक्तीच्या पत्रातच स्पष्ट शब्दांत लिहून द्यावे.